मदत हवी आहे: थायलेरियाच्या लसीतल्या पेशी वाढतात, मग पसरत का नाहीत?

नमस्कार मंडळी, व्हेटर्नरीच्या सेमिनारसाठी थायलेरिया ॲन्युलाटा हा एकपेशी परजीवी घेतलाय, म्हणजे आपल्या संकरित गायींना गोचिडातून होतो तोच. एका जागी अडकलोय.

आतापर्यंत वाचलंय ते असं, की शायझॉन्ट (परजीवीची पेशीत वाढणारी अवस्था) पांढऱ्या रक्तपेशीत पडद्याच्या पिशवीशिवाय उघडाच राहतो, पेशी विभागताना तिच्याच स्पिंडलला (गुणसूत्रं वाटणाऱ्या तंतूंना) चिकटतो आणि दोन्ही पेशींत वाटला जातो (हे वाचून मी खरंच थक्क झालो). स्वतःच्या पृष्ठभागावर आयकेके हे पेशीचं एन्झाइम गोळा करून एनएफ-कप्पा-बी (पेशीला जगवणारी जनुकं चालू करणारं प्रोटीन) चालू ठेवतो म्हणून पेशी मरत नाही, शिवाय टीएपिन१ नावाचं प्रोटीन सोडतो त्यामुळे सी-जून (जनुकं चालू करणारं पेशीचं प्रोटीन) टिकून राहतं. बुपार्वाक्वोन या औषधाने परजीवी मेला की पेशीची कॅन्सरसारखी वाढ थांबते, इथपर्यंत क्लिअर आहे.

प्रॉब्लेम लसीचा. ती याच बाधित पेशी लॅबमध्ये खूप काळ पॅसेज करून (पुन्हा पुन्हा नव्या कल्चरमध्ये वाढवून) बनवतात, पेशी वाढतच राहतात पण अंगात घुसून पसरायची ताकद कमी होते, एमएमपी९ (ऊतींमधून वाट काढायला लागणारं एन्झाइम) आणि एपी-१ (जनुकं चालू करणारा प्रोटीनांचा गट) दोन्ही खाली येतात. पण सी-जून हा एपी-१चाच भाग ना, मग वाढही थांबायला नको का?

औषधाचा डोस नकोय, टी. पार्वाचं (थायलेरियाच्याच दुसऱ्या जातीचं) उत्तरही नको कारण तो लिम्फोसाइटमध्ये असतो, आणि कल्चरची सोय नाही त्यामुळे प्रयोग सुचवू नका.

तर मग एपी-१ कमी होऊनही या पेशींची वाढ नेमकी कशावर चालू राहते, एकट्या एनएफ-कप्पा-बीवर, की उरलेलं थोडं एपी-१ वाढीला पुरतं आणि पसरायला पुरत नाही?