मदत हवी आहे: व्यवसाय शिक्षणाची मुलं क्लबमध्ये कशी आणायची?

नमस्कार मंडळी, मी हायस्कूलमध्ये शिकवते. आमच्याकडे नाट्य, विज्ञान, वादविवाद असे क्लब आहेत आणि सुतारकाम, वायरिंग, शिवणकामाचे वर्गही. अडचण वेळेची आहे. वर्कशॉपचा तास जोडतासच लागतो. हत्यारं काढायची, काम करायचं, भुसा झाडून सगळं जागेवर लावायचं, यात चाळीस मिनिटं कुठे पुरणार? नेमके तेव्हाच क्लब भरतात, त्यामुळे ही मुलं बाहेर राहतात. हळूहळू 'ती वर्कशॉपची पोरं' असा शिक्का बसतो, आणि तो मला फार खुपतो.

स्नेहसंमेलनाच्या रंगमंचाची चौकट याच मुलांनी बनवली, सांधे असे घट्ट की हलवूनही करकर नाही. कार्यक्रमपत्रिकेत मात्र त्यांचं नाव नव्हतं!

नाट्य क्लबचं नेपथ्य आणि प्रकाशयोजना वर्कशॉपच्याच तासात, गुण देऊन करून घ्यावी असं मनात आहे. पण मग मुलं फुकटची कामगार तर ठरणार नाहीत ना? कोणी असं केलं असेल तर वेळापत्रक कसं बसवलंत, आणि क्लबच्या निर्णयांत या मुलांना जागा कशी दिलीत, ते कृपया सविस्तर सांगा.