आधी चाल की आधी शब्द?

गाण्याच्या या चर्चेत कुणीतरी म्हटलंय की आधी तयार असलेल्या चालीवर शब्द बसवणं म्हणजे हमाली, आधी शब्दच हवेत. अर्धंच पटलं.

शब्द आधी असले की काय होतं ते गीतरामायणात दिसतं. १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर दर आठवड्याला एक नवं गाणं, अशी एकूण ५६. गदिमा (ग. दि. माडगूळकर) लिहायचे, बाबूजी (सुधीर फडके) चाल लावायचे. आठवड्याच्या मुदतीत! आणि तरी शब्द कुठे ताणलेला किंवा चुकीच्या जागी तोडलेला वाटत नाही. संगीतकार खळेकाकांचं (श्रीनिवास खळे) 'श्रावणात घननिळा' घ्या, प्रत्येक अंतऱ्याची चाल वेगळी. कवी मंगेश पाडगावकरांचे शब्द हातात होते म्हणूनच असं सुचलं असणार, हा माझा अंदाज.

पण चालीवर लिहिणंही पोरखेळ नाही हो. आमच्या मंडळासाठी एकदा लिहिलं होतं. व्हॉट्सअॅपवर चालीचं नुसतं 'ला ला ला' आलं, मी बोटांवर मात्रा मोजत बसलो. ध्रुवपदाच्या शेवटी वरच्या सुरावर चार मात्रा ठेहराव, तिथे मी दिमाखात 'भक्ती' घातलं. गाणारी मुलगी म्हणाली, "काका, वर 'ई' ओढताना गळा आवळतो, 'आ'कार द्या ना काहीतरी." मग ओळच फिरवली आणि 'देवा' शेवटी आणलं. पहिल्या ओळीपेक्षा चांगली झाली (बायकोचं मत, माझं नाही). तेव्हा हमाली म्हणायची तर म्हणा, पण गळ्याचं व्याकरण मला त्या चालीनेच शिकवलं.