मानसिकवाल्या डॉक्टरकडं गेली तं नवऱ्याले कयते का?

सांजच्याले फटफटीचा आवाज आला की छातीत धडधडते, भाकर तव्यावरच जयते. मारते तो. झोप तं गेलीच. सासू म्हणते येडी हायेस का तिथं जाले. सरकारी दवाखान्यात गेली तं घरी सांगतीन का?

> माहिती गुप्त ठेवाचा हक्क हाय ना बाई, 2017 च्या मानसिक आरोग्याच्या कायद्यात. फक्त त्याले संगं नेऊ नको, मी नेला होता तं तोच बोलत बसला अन मले झोपेच्या गोया भेटल्या 😐

> आधी 14416 लाव, टेलिमानस, सरकारची मनाच्या त्रासाची हेल्पलाइन, फुकट हाय, मराठीत बोलतात. मंग नंबर डिलीट कर.

> गोईनं झोप येते, मार नाही थांबत. 181 वर पण बोल, बायांची हेल्पलाइन हाय. 2005 च्या घरातल्या मारहाणीच्या कायद्यात संरक्षण अधिकारी असते.

बुधवारी बाजाराच्या नावानं जातो.