मदत हवी आहे : भाचीच्या ताब्याची केस, परवडेल असा वकील कसा मिळेल?

नमस्कार मंडळी, धाकट्या बहिणीसाठी विचारतोय. ती पुण्यात आमच्याकडे असते. भाची ४ वर्षांची. दिवाळीत मेहुणे "चार दिवस आजीकडे नेतो" म्हणून तिला नाशिकला घेऊन गेले, ते परत पाठवायचं नावच नाही. व्हिडिओ कॉलवर पोर "आई, माझी निळी चप्पल तिकडंच राहिली" म्हणते, तेवढ्यात पलीकडून फोन कट.

एका वकिलांनी सांगितलेली फी बहिणीच्या शिवणकामात बसणारी नाही, वर प्रत्येक तारखेचे वेगळे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार महिलेला, उत्पन्न कितीही असलं तरी, मोफत वकील मिळतो एवढं कळलंय. १५१०० ही त्यांची हेल्पलाइन. नातेवाईक म्हणतात, "फुकटचा वकील केसकडे बघत नाही." मला ते सरसकट खरं वाटत नाही, म्हणून अनुभव असलेल्यांनाच विचारतोय.

शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज केल्यावर वकील नेमायला किती दिवस लागतात? पटला नाही तर बदलून मिळतो का? आणि मुख्य अडचण : ताब्याचा अर्ज मूल नेहमी जिथं राहतं तिथल्या कोर्टात करायचा असतो. मग पुणे धरतील की आता नाशिक? दर तारखेला नाशिक गाठणं तिला जमणार नाही. निकाल लागेपर्यंत निदान भेटीचा अंतरिम आदेश लवकर मिळावा म्हणून काय मागावं?

"जा आणि उचलून आणा" असले सल्ले कृपया नकोत, ते घरातच भरपूर मिळतायत. वकिलांची नावं मेसेजमध्ये कळवा.