गटकार्य, टॅब आणि अध्ययनशैली : मुलाला समजलंय की नाही, हे बघतं कोण?

पाटीपेन्सिल
पंधरा वर्षं एका अनुदानित शाळेत पाचवी-सहावीला गणित शिकवतेय. पाचवीच्या वर्गात ५२ मुलं. मागच्या आठवड्यात भिन्नछेद अपूर्णांकांच्या बेरजेवर गटकार्य घेतलं. पाच-सहा जणांचे गट, प्रत्येक गटाला एक तक्ता. तक्ते इतके देखणे झाले की पर्यवेक्षकांनी फोटो काढून नेले.

दुसऱ्या दिवशी प्रत्येकाच्या हातात चतकोर कागद दिला आणि एकच गणित घातलं : १/२ + १/३. १९ जणांचं उत्तर आलं २/५. वरचे वर मिळवले, खालचे खाली. त्यातले ११ जण ज्या गटांत होते, त्या गटांच्या तक्त्यांवर अगदी अशीच बेरीज बिनचूक होती.

मग आठवलं. एका गटात एकच मुलगी लसावि काढत होती, बाकीचे स्केचपेनने किनार रंगवत होते. एका मुलाने 'अपूर्णांक' शब्दातल्या रफाराला लाल फुलं काढली होती. माक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने १९१३ साली दोर ओढण्याच्या प्रयोगांचे निष्कर्ष छापले होते. माणसं वाढतात तसा प्रत्येकाचा जोर कमी होतो, हे त्याने मोजून दाखवलं. गटकार्यात तेच होतं, आणि तक्ता सुंदर असल्यामुळे ते कुणाला दिसत नाही.

माझं स्पष्ट मत आहे : गटकार्य, टॅब आणि 'अध्ययनशैली' (कुणी बघून शिकतं, कुणी ऐकून, ही कल्पना) या तिन्हींच्या नावाखाली आपण एकेका मुलाला समजलंय का हे बघायचंच सोडून दिलंय.

माळावरची शाळा
ताई, तुमचं दुखणं खरं आहे, पण निदान चुकलं. माझी द्विशिक्षकी शाळा, पट २३. दोन इयत्ता एकट्याने सांभाळतो. चौथीला वजाबाकी शिकवताना तिसरीने काय करायचं? गट करून खडे, काड्या, दशकाचे गठ्ठे घेऊन बसायचं. गट नसेल तर आमची शाळाच चालत नाही. साताऱ्याच्या कुमठे बीटमधलं (बीट म्हणजे शाळांचा गट) काम बघायला राज्यभरातून शिक्षक गेले, मीही गेलो होतो. जमिनीवर आखलेल्या चौकटींत मुलं आपापली शिकत होती आणि कुणी चुकलं की एकमेकांना अडवत होती.

परवा चौथीतली एक मुलगी शेजारणीला म्हणाली, "भाकरीचे दोन तुकडे केले आणि तीन केले, तर तुकडा सारखाच येतो का गं?" हे मला सुचलं नसतं. मूल मुलाच्या भाषेत सांगतं. पाच-सहा जणांना एक तक्ता दिला तर एकजणच करणार. दोघादोघांना खडे द्या, मग बघा.

एक बाबा
अध्ययनशैलीबद्दल बोलायचं आहे. माझ्या मुलाची बोटांच्या ठशांवरून चाचणी करून घेतली होती, बरेच पैसे मोजून. अहवालात आलं की तो बघून शिकणारा आहे, ऐकून नाही. शास्त्र काय ते मला कळत नाही. पण तो अहवाल आल्यापासून आमच्या घरात रोज संध्याकाळची आरडाओरड थांबली. "लक्ष देत नाहीस" म्हणणं बंद झालं. आता चित्रं काढून अभ्यास घेतो, मुलगा बसतो. तुम्ही हे सगळं मोडीत काढता, ते पटत नाही. सगळी मुलं एका साच्यातली नसतात.

पाटीपेन्सिल
बाबा, आरडाओरड थांबली हे फार चांगलं झालं, आणि त्याचं श्रेय तुमचं आहे, ठशांचं नाही. बोटावरच्या रेषांवरून मूल कसं शिकतं हे कळत नाही. हे मी ठामपणे म्हणते, कारण असा अहवाल घेऊन आलेला एक मुलगा माझ्या वर्गात होता. तोंडी गणितं सुरू झाली की पेन खाली ठेवायचा : "मॅडम, मी ऐकून शिकत नाही." दहा वर्षांच्या पोराला आपण एक दार बंद करून दिलं होतं.

२००८ साली हॅरोल्ड पॅश्लर आणि तीन सहकारी मानसशास्त्रज्ञांनी तोवरचं संशोधन तपासलं. शैलीप्रमाणे शिकवलं की जास्त समजतं, याला पुरेसा पुरावा त्यांना सापडला नाही. बहुविध बुद्धिमत्तेचा (बुद्धी एकच नसते, अनेक प्रकारची असते, असा) सिद्धांत १९८३ साली मांडणारे हॉवर्ड गार्डनर यांनीही २०१३ साली लिहिलं की त्या बुद्धिमत्ता म्हणजे अध्ययनशैली नव्हेत. आपल्या प्रशिक्षणांत मात्र दोन्हींची सर्रास सरमिसळ होते. चित्रं जरूर काढा, अपूर्णांकाला चित्र हवंच. पण ते सगळ्या ५२ जणांना हवं.

अध्ययन अक्षमतेचं निदान झालेल्या मुलांची गोष्ट वेगळी. त्यांना जादा वेळ, लेखनिक मिळालाच पाहिजे.

कोडवाला
तंत्रज्ञानाला सरसकट झोडपू नका. दिल्लीत शाळा सुटल्यावर मुलांना माइंडस्पार्क हे सॉफ्टवेअर वापरायला देऊन झालेला अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. सोडत काढून मुलं निवडली होती. साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी दोन्हींत ठळक प्रगती दिसली. सहावीतली मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती. सॉफ्टवेअरने प्रत्येकाला तो जिथे होता तिथून प्रश्न दिले. ५२ मुलांच्या वर्गात हे तुम्ही एकट्या कशा करणार?

माळावरची शाळा
दिल्लीचं सांगता तसं पेरू देशाचंही सांगा. तिथे खेड्यांतल्या शाळांत मुलांना लॅपटॉप वाटले. गणित-भाषेत फरक पडला नाही, असं मूल्यमापनात निघालं. आमच्याकडे लोकवर्गणीतून टीव्ही आला, वीजबिल थकलं आणि दोन महिने वीज तोडलेली होती. तेव्हा काड्यांचे गठ्ठेच कामाला आले.

पाटीपेन्सिल
कोडवाला, तुमचा मुद्दा मान्य. एकेकाची चूक पकडून त्याला तिथून पुढे नेणारं यंत्र मला हवंच आहे. शाळेत आलंय ते फळ्यावर व्हिडिओ दाखवणारं. ५२ जण बघतात, छान वाटतं, तास संपतो.

माळावरच्या सरांचं ऐकून काल पद्धत बदलली. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक माझूर १९९१ पासून जे करत आले, तेच : आधी एकट्याने उत्तर लिहायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा, मग पुन्हा लिहायचं. गणित दिलं १/२ + १/४. पहिल्या फेरीत १६ जणांचं उत्तर २/६. वादानंतर ५.

रफारावर फुलं काढणारा मुलगा पहिल्या फेरीत चुकलेला. शेजारच्याशी हुज्जत घालता घालता त्याने दोन पट्ट्या काढून रंगवल्या, आणि एकदम ओरडला, "मॅडम, २/६ तर अर्ध्यापेक्षा कमी आहे! अर्ध्यात मिळवलं आणि कमी कसं झालं?"

माळावरची शाळा
बघा! शेजारी होता म्हणून पट्ट्या काढल्या. मी दुसरं काय म्हणत होतो?

पाटीपेन्सिल
सर, चतकोरावर २/६ त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, म्हणून हुज्जत घातली. तक्त्यावर दुसऱ्याने लिहिलेलं असतं तर तो फुलंच काढत बसला असता. सोमवारी १/३ + १/४ देतेय. दोन्ही फेऱ्यांचे आकडे इथे टाकते. तुम्हीही चौथीला नुसत्या जोड्या करून बघा, आधी न लिहिता. मग बोलू.