प्रशिक्षकावर बंदी, शिष्यांची पदके शाबूत: सालाझार प्रकरणातून काय घ्यायचे?

पहाटपावले:
दूर पल्ल्याच्या शर्यती आवडीने पाहणाऱ्यांत आल्बेर्तो सालाझार हे नाव निघाले की लगेच दोन तट पडतात, म्हणून माझे मत आधीच सांगून टाकतो. त्यांना झालेली शिक्षा योग्य होती, पण ज्या नियमांनी ती झाली ते नियम प्रशिक्षकांच्या बाबतीत फारच मवाळ आहेत.

ज्यांना प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९८० ते १९८२ अशी सलग तीन वर्षे न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकणारे सालाझार पुढे नायकी कंपनीच्या ओरेगॉन प्रोजेक्टचे, म्हणजे दूर पल्ल्याच्या धावपटूंच्या प्रशिक्षण-गटाचे, प्रमुख प्रशिक्षक झाले. २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटरच्या शर्यतीत पहिला आलेला मो फराह आणि दुसरा आलेला गेलन रप हे दोघेही त्यांचेच शिष्य होते. जून २०१५मध्ये बीबीसी आणि प्रोपब्लिका ही अमेरिकेतली शोधपत्रकारिता संस्था यांनी त्यांच्याविषयीचे उत्तेजकांसंबंधीचे आरोप प्रसिद्ध केले. स्टीव्ह मॅग्नेस हा त्यांचाच एकेकाळचा साहाय्यक प्रशिक्षक आणि कारा गाऊचर ही त्यांचीच एकेकाळची शिष्या, हे दोघे उघडपणे बोलले. २०१९मध्ये दोहा येथे जागतिक स्पर्धा चालू असतानाच अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेने, म्हणजे युसाडाने, चालवलेल्या खटल्यात सालाझार आणि त्यांच्या गटाशी संबंधित डॉक्टर जेफ्री ब्राउन यांच्यावर प्रत्येकी चार वर्षांची बंदी आल्याचे जाहीर झाले. सालाझार यांच्यावरील ठपके तीन होते: टेस्टोस्टेरॉन हे बंदी असलेले संप्रेरक दुसऱ्याच्या हाती देणे, उत्तेजक-नियंत्रणाच्या प्रक्रियेत ढवळाढवळ आणि मर्यादेबाहेरचे सलाईन.

धावपटूच्या नमुन्यात बंदी असलेल्या द्रव्याचा अंश सापडला, तर ते शरीरात कसे आले हे त्याला ठाऊक असो वा नसो, दोष त्याचाच धरला जातो. प्रशिक्षकाच्या बाबतीत मात्र ईमेल, साक्षीदार आणि वर्षानुवर्षांची सुनावणी लागते. ही विषमता मला पटत नाही; प्रशिक्षकावरही तशीच बिनशर्त जबाबदारी हवी.

निकालवाचक:
आपण ठपके सांगितलेत, पण त्यांच्या पोटात काय होते ते सांगितले नाहीत, आणि सगळा वाद तिथेच आहे. टेस्टोस्टेरॉनचे जेल चोळले गेले ते सालाझार यांच्या स्वतःच्या मुलांच्या अंगावर. शर्यतीनंतरच्या गर्दीत कोणी आपल्या धावपटूला मुद्दाम जेल चोळले तर तो चाचणीत दोषी ठरेल का, हे त्यांना पाहायचे होते. ही भीती हास्यास्पद वाटेल, परंतु २००६मध्ये अमेरिकेचा वेगवान धावपटू जस्टिन गॅटलिन चाचणीत दोषी आढळल्यानंतर त्याच्या प्रशिक्षकाने मालिश करणाऱ्यावर नेमका असाच आरोप केला होता. मर्यादेबाहेरचे सलाईन ज्याला लावले तो मॅग्नेस त्या वेळी साहाय्यक प्रशिक्षक होता, ऑलिंपिकचा धावपटू नव्हता, आणि त्यातले एल-कार्निटिन हे पूरक द्रव्य मुळात बंदीच्या यादीत नाही.

अपिलात आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने सप्टेंबर २०२१मध्ये बंदी कायम केली, हे खरे. पण त्याच लवादाने असेही नोंदवले की या उल्लंघनांचा कोणत्याही स्पर्धेवर थेट परिणाम झाला नाही, आणि युसाडाने ज्या थाटाने हा खटला चालवला तो उल्लंघनांच्या गांभीर्याच्या मानाने अवाजवी वाटतो. फराह किंवा रप एकाही चाचणीत दोषी आढळलेले नाहीत. मग शिक्षा कृत्याची होती की प्रतिमेची?

पहाटपावले:
जेलचे स्पष्टीकरण मी वाचले आहे आणि मला ते निष्पाप वाटत नाही. किती जेलने माणूस चाचणीत सापडतो हे ज्याला कळले, त्याला किती जेलने सापडत नाही हेही आपोआप कळते. मोजपट्टी एकच आहे. सालाझार यांचा हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही, २०१९मध्ये बंदी घालणाऱ्या अमेरिकेतल्या लवादानेही तसे म्हटले नव्हते. पण हे ज्ञान प्रशिक्षकाच्या हाती असणेच धोक्याचे आहे.

सलाईनचेही तसेच. कार्निटिन पेयातून घेतले तर स्नायूंत साठायला महिने लागतात, म्हणून हा शिरेतून देण्याचा खटाटोप. त्या वेळी मर्यादा सहा तासांत ५० मिलिलिटरची होती, आणि ती उगाच घातलेली नाही: शिरेतून द्रव चढवला की रक्त पातळ होते आणि रक्ताच्या नोंदींवरून उत्तेजक ओळखणे अवघड होते. द्रव्य यादीत नसले तरी पद्धत यादीत होती.

तिसरी फेरी:
तुम्ही दोघेही अमेरिकेतच अडकला आहात. रशियाच्या दूर पल्ल्याच्या धावपटूंचे त्या वेळचे मुख्य प्रशिक्षक अलेक्सेई मेलनिकोव्ह यांच्यापुढे सालाझार म्हणजे किरकोळ प्रकरण आहे. शिकागो मॅरेथॉन २००९ ते २०११ अशी तीनदा जिंकलेल्या लिलिया शोबुखोवाकडून तिचे उत्तेजक-सेवन झाकण्यासाठी सुमारे साडेचार लाख युरो घेतले गेले. त्या प्रकरणात जानेवारी २०१६मध्ये मेलनिकोव्ह यांच्यावर आजन्म बंदी आली. पण शोबुखोवा ही काही बिचारी नव्हती. तिने पैसे दिले, २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ती धावली, आणि चौकशीत मदत केली म्हणून पुढे तिची शिक्षाही कमी झाली. प्रशिक्षकाला खलनायक ठरवले की शिष्य आपोआप बळी ठरतो, ही सोय मला मान्य नाही.

अनवाणी:
बिचारी नव्हती, हे युरोत पैसे मोजू शकणाऱ्या विजेतीबद्दल ठीक आहे. आपल्याकडचे २०११ सालचे प्रकरण आठवा. शर्यत दूर पल्ल्याची नव्हती, ४०० मीटरच्या मुली होत्या, पण मुद्दा तोच आहे. त्यांच्या नमुन्यांत बंदी असलेले द्रव्य सापडले; प्रशिक्षकाने दिलेल्या जिनसेंग या वनौषधीतून ते आले असे त्यांचे म्हणणे होते. युक्रेनच्या त्या प्रशिक्षकाला नोकरीतून काढले आणि विषय संपला; मुलींची एक वर्षाची बंदी मात्र लवादाने २०१२मध्ये दोन वर्षांची केली.

मी जिल्हा पातळीवर ५,००० मीटर धावत असे. सरांनी हातावर पुडी ठेवली की ती पाण्याबरोबर घ्यायची, त्यात काय आहे असे विचारणे म्हणजे उद्धटपणा समजला जाई. ती ग्लुकोजचीच असावी, पण मी कधी विचारले नाही, हे आज लिहितानाही खटकते.

निकालवाचक:
अनवाणी यांचा मुद्दा मला मान्य आहे, पहाटपावले यांचा उपाय मान्य नाही. धावपटूसारखीच बिनशर्त जबाबदारी प्रशिक्षकावर टाकली, तर तीस जणांच्या गटातल्या एकाने औषधाच्या दुकानातून परस्पर काही आणून टोचून घेतले तरी प्रशिक्षकाची कारकीर्द संपेल. धावपटूचे शरीर त्याच्या ताब्यात असते. तीस जणांची शरीरे एकाच्या ताब्यात कशी असतील?

पहाटपावले:
बिनशर्त जबाबदारीचा आग्रह मी सोडतो. तीस जणांचा हिशेब बरोबर आहे. पण एक विषमता तरी दूर करता येईल. टेस्टोस्टेरॉनच्या चाचणीत दोषी आढळला की धावपटू निकालाची वाट न पाहता लगेच निलंबित होतो. सालाझार यांच्यावर युसाडाने आरोप ठेवले २०१७मध्ये आणि बंदी आली २०१९मध्ये. मधल्या काळात ते मैदानावर घड्याळ घेऊन उभेच होते. दोहामध्येच नेदरलँड्सच्या सिफान हसनने १०,००० मीटर जिंकले तेव्हा ते तिचे प्रशिक्षक होते, आणि काही दिवसांनी १,५०० मीटर जिंकले तेव्हा त्यांना तिथे प्रवेशही नव्हता. तिच्यावर कसलाही आरोप नसताना पत्रकारांच्या प्रश्नांना तोंड मात्र तिला द्यावे लागले. आरोपपत्र येताच प्रशिक्षकालाही तात्पुरते दूर ठेवले असते, तर तिला दुसरा प्रशिक्षक शोधायला दोन वर्षे मिळाली असती.

निकालवाचक:
तात्पुरत्या निलंबनाला माझी हरकत नाही, मात्र सुनावणीला मुदत हवी. २०१७च्या आरोपांचा निकाल २०२१मध्ये पक्का होणार असेल, तर चार वर्षांची शिक्षा निकालाआधीच भोगून झालेली असेल.