सीएसआरच्या पैशातून मामा तलावाचा गाळ काढायचा आहे, करारात काय लिहून घ्यावं?

कुहीकर:
नमस्कार मंडळी. कुही तालुक्यातल्या आमच्या गावचा मामा (माजी मालगुजारी) तलाव जि.प.च्या ताब्यात आहे, बुडीत क्षेत्र 14 हेक्टर. बुटीबोरीची एक कंपनी सीएसआरमधून (सामाजिक कामासाठीच्या निधीतून) 12 लाख द्यायला तयार आहे. काम एक संस्था करणार, 20 हजार घनमीटर गाळ निघेल, पंचायतीने फक्त ठराव द्यायचा असं म्हणून राहिले. मार्चच्या आत सही हवी आहे त्यांना. सही केल्यावर आमच्या हाती काय राहतं?

पाळीवरचा:
हाती काय राहतं ते मापावर ठरतं, म्हणून आधी तेच बोलतो.

तलावातला बसलेला गाळ खणला की फुगतो, साधारण सव्वापट होतो. तळातले 16 हजार घनमीटर ट्रॉल्यांत भरले की 20 हजार दिसतात. ट्रॉल्या मोजून बिल ठरलं तर 4 हजार घनमीटर न खणताच फेडावे लागतील. काम सुरू व्हायच्या आधी 10 बाय 10 मीटरच्या चौकटींवर लेव्हल (तळाच्या उंचीचं माप) घ्या, काम संपल्यावर त्याच खुंट्यांवर परत घ्या. फरक हेच माप. ट्रॉल्यांची वही ठेवा, पण ती फक्त ताळ्यासाठी.

दुसरं, पोकलेन तासावर नको, घनमीटरवर ठरवा. एक मशीन तासाला 60 घनमीटर खणतं, फुगून 75. ट्रॉली एक ब्रासची धरली (2.83 घनमीटर) तर तासाला 26-27 खेपा. शेत दोन किलोमीटरवर असेल तर भरून, टाकून, परत यायला 25 मिनिटं लागतात. म्हणजे एका मशीनमागे 11 ट्रॅक्टर. गावात सात असले की मशीन उभं राहतं, मीटर मात्र पळतं. दिवसाला आठ तास धरले तर 20 हजार घनमीटरला एका मशीनला एकही खाडा न होता 42 दिवस लागतील. तलाव आटतो एप्रिलच्या मध्यावर आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात आवरावंच लागतं, म्हणून दोन मशीनं आणि 22 ट्रॅक्टर धरा. एवढे नसतील तर आकडा कमी करा, त्यात लाज नाही.

खणायचं कुठे: पाळीच्या (तलावाच्या मातीच्या बांधाच्या) पायथ्यापासून 15-20 मीटरचा पट्टा सोडा, पाळ उंच असेल तर आणखी. मुरूम लागला की थांबा. चिकण थर फुटला तर तलाव झिरपून जातो, आणि मुरूम गौण खनिजात येतो, तो गाळाच्या नावाखाली नेता येत नाही. तुडुमाच्या (पाटाला पाणी सोडायच्या दाराच्या) तळाखाली खणलं तर त्या खोलगट भागातलं पाणी पाटाने शेतात जात नाही, मासे आणि गुरांना उपयोगी पडतं. गावाला आधी सांगा, नाहीतर ऑक्टोबरात "तलाव भरला, पाटाला पाणी का नाही" म्हणून भांडण.

हिशेबनीस:
12 लाखांत 20 हजार म्हणजे घनमीटरमागे 60 रुपये. राज्य शासनाच्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेच्या 20 एप्रिल 2023 च्या जीआरात यंत्राचा दर 31 रुपये आहे. वरचे 29 कशाचे ते कलमवार लिहून मागा.

मार्चची घाई कंपनीला आहे, तलावाला नाही. कंपनीच्या बोर्डाने हे काम 'चालू प्रकल्प' म्हणून मंजूर केलं की उरलेली रक्कम 30 एप्रिलपर्यंत वेगळ्या खात्यात जाते आणि पुढच्या तीन आर्थिक वर्षांत खर्चता येते. तसं नसेल तर शिल्लक सहा महिन्यांत केंद्राच्या ठरलेल्या निधीत जमा करावी लागते आणि तुमचं काम अर्धवट. संस्थेचा सीएसआर-1 नोंदणी क्रमांक, आयकराची 12 ए आणि 80 जी नोंदणी पाहून घ्या.

पैसा ठरल्या कामावरच लागला हे कंपनीच्या सीएफओला (मुख्य वित्त अधिकाऱ्याला) प्रमाणित करावं लागतं. म्हणून मापवहीवर ग्रामसेवकाची (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं) आणि जि.प. लघु पाटबंधारेच्या अभियंत्याची सही झाल्याशिवाय हप्ता नाही, अशी अट टाका. पंचायतीची खरी किल्ली ती. कामाच्या फलकावर कोणाचं नाव मोठं, यावर वेळ घालवू नका.

कुहीकर:
मग शासनाची योजना आणि कंपनीचा पैसा दोन्ही घेता येतील का?

पाळीवरचा:
एकाच घनमीटरवर दोघांचं बिल नको, लेखापरीक्षणात अडकाल. गाळ योजनेतून काढा. कंपनीला तुडूम, पाट आणि सांडव्याची दुरुस्ती, पाळीवरची बेशरमाची झुडपं मुळासकट काढणं आणि लेव्हलचं काम द्या. गाळाला सगळे धावतात, गळक्या तुडुमाला कोणी विचारत नाही. दुरुस्तीला जि.प.ची लेखी परवानगी लागेल आणि तयार झालेलं काम त्यांच्याच नावे राहील. कंपनीला सीएसआरमधली मालमत्ता स्वतःच्या नावे ठेवता येत नाही, तेही करारात येऊ द्या. ठराव 26 जानेवारीच्या ग्रामसभेत घ्या, 1 मेपर्यंत थांबलात तर हंगाम गेला.

काळीमाती:
गाळ कोणाच्या रानात जाणार हेही ठरावात हवं. एकरी 400 घनमीटर म्हणजे साधारण 10 सेंमी थर, 20 हजारांत 50 एकर. बरड, मुरमाड रान आधी. भारी काळ्या रानात आणखी चिकण गाळ टाकला तर पाणी तुंबतं, कपाशी पिवळी पडते. गाळाच्या नमुन्याचा सामू (पीएच) आणि क्षारता तपासा, मगच यादी करा. अल्पभूधारकांना वाहतुकीचं अनुदान घनमीटरला 35.75 रुपये आहे, अडीच एकरांपर्यंत, जास्तीत जास्त 37,500. ट्रॅक्टरवाल्यांची यादी आणि शेतकऱ्यांची यादी एकच निघाली तर समजून जा, वाटप आपसातच झालं.

आणि ढीवर बांधवांच्या मत्स्य संस्थेचा ठेका चालू असेल तर करारावर तिचीही सही घ्या. तुडूम उघडून पाणी सोडायच्या आधी त्यांची मासेमारी आटपू द्या, मधला खोल डोह तसाच राहू द्या. त्यात उरलेलं बीज पुढच्या पावसाला कामी येतं.